खिशातल्या खिशात गाणं बदलता आलं पाहिजे

मोबाईल असताना वेगळा म्युझिक प्लेअर कशाला हा प्रश्न मला ओळखीच्या सगळ्यांनी विचारून झालाय, त्यामुळे तो सोडूनच देऊ. घ्यायचाय हे ठरलंय, कुठला एवढंच राहिलंय, आणि त्या "एवढंच"पायी रोज रात्री रिव्ह्यू बघत बसतोय.

उमेदवार दोन. एक अँड्रॉइडवाला, पुढून नुसती काच, वायफाय, स्ट्रीमिंगची ॲप्स, म्हणाल ते सगळं. दुसरा ठेंगणा, टीचभर स्क्रीन, त्याखाली खरीखुरी दाबायची बटणं, मेमरी कार्ड घाला, गाणी कॉपी करा, संपला विषय. कागदावर पहिला सरळसरळ जिंकतो. चोवीस बिट, १९२ किलोहर्ट्झ वगैरे, म्हणजे आवाज किती बारकाईने साठवलाय ते सांगणारे आकडे तर दोघांचेही असे आहेत की वटवाघळांनीसुद्धा खूश व्हावं. मी ऐकणार रस्त्याने चालताना, शेजारून ट्रक जाणार, त्यात मला सोळा बिट आणि चोवीस बिटमधला फरक कळेल असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या कानांची फारच तारीफ झाली.

आकड्यांना एकेकाळी खरंच किंमत होती म्हणा. १९९८ मध्ये रिओ पीएमपी३०० हा सुरुवातीचा एमपीथ्री प्लेअर आला त्यात मेमरी होती ३२ एमबी, आणि १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण एक एमबी खाते, म्हणजे अर्धा तास गाणी की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा जागा किती हा पहिला प्रश्न असणारच. पण पुढे गंमत बघा, २००० मध्ये क्रिएटिव्हचा नोमॅड ज्यूकबॉक्स ६ जीबी घेऊन आला, ॲपलचा आयपॉड त्यानंतरच्या वर्षी, ऑक्टोबर २००१ मध्ये, तोही ५ जीबीचा आणि सुरुवातीला फक्त मॅकवर चालणारा. जीबी मोजून घेणाऱ्याने नोमॅडच घ्यायला हवा होता. पण तो सीडी प्लेअरएवढा ऐसपैस, आणि आयपॉड शर्टाच्या खिशात मावणारा, वर त्याला ते चाक! हजार गाण्यांच्या यादीत खाली खाली जायला बटण दाबत बसलं तर अंगठा सुजेल, चाक मात्र जोरात फिरवलं की यादी पळते, हळू फिरवलं की एकेक नाव सरकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे यंत्र डोळ्यांनी नाही, अंगठ्याने वापरायचं असतं. थंडीत जॅकेटच्या खिशात हात आहे, नको ते गाणं लागलंय, आता प्लेअर बाहेर काढायचा, स्क्रीन उठवायचा, लॉक सरकवायचं, तोवर ते गाणं अर्धं ऐकून होतं. याउलट बटणाच्या मधोमध एक बारीकसा उंचवटा असला की अंगठा बरोबर तिथे जातो, शेजारचं दाबलं की पुढचं गाणं, झालं. आणि होल्डचा खटका विसरू नका. बसलं की खिशात बटणं दाबली जाऊन भलतंच वाजायला लागतं, तो खटका सरकवला की सगळं गप्प. जुन्या आयपॉडला तो सरकवल्यावर खालून बारीक केशरी पट्टी दिसायची, काय साधी युक्ती आहे!

ॲपललाही हे एकदा चांगलंच कळलं असावं. २००९ च्या आयपॉड शफलवरून, म्हणजे त्यांच्या बिनस्क्रीनच्या चिमुकल्या प्लेअरवरून, त्यांनी गाणी लावायची बटणं काढूनच टाकली, सगळा कंट्रोल इअरफोनच्या वायरवर, पुढच्या गाण्याला दोनदा दाबा, मागच्याला तीनदा. साधे दुसरे इअरफोन लावले की गाणं बदलायची सोयच गेली. २०१० च्या शफलवर बटणं मुकाट्याने परत आली.

फीचर जास्त म्हणून प्लेअर चांगला हे तर कधीच खरं नव्हतं. मायक्रोसॉफ्टचा झून २००६ मध्ये आला, त्यात एफएम रेडिओ होता जो तेव्हाच्या आयपॉडमध्ये नव्हता, शिवाय दुसऱ्या झूनवर वायरशिवाय गाणं पाठवता यायचं, ते तिथे तीन दिवस किंवा तीनदा वाजायचं आणि मग बंद. कल्पना झकास, फक्त समोरच्याकडेही झून पाहिजे, आणि घोडं तिथेच पेंड खायचं. सोनीच्या १९७९ च्या पहिल्या वॉकमनला तर दोन हेडफोनची भोकं होती आणि एक केशरी बटण, ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी होऊन दोघांना माइकवरून एकमेकांशी बोलता यायचं. ते बटण पुढे गेलं, वॉकमन मात्र राहिला.

तर काचवाल्याची बाजू घेणारा एक मित्र म्हणतो की अरे त्यालाही साइडला बटणं आहेत की. आहेत, पण सगळी एका ओळीत, एकाच मापाची, न बघता कुठलं कुठलं ते सांगून दाखव म्हणावं. पुढचं गाणं लावायला जावं आणि आवाज वाढून कान फुटायची वेळ.

ठेंगणा फायनल. त्यात स्ट्रीमिंग नाही, म्हणजे आता जुनी हार्ड डिस्क काढायची आणि त्यातल्या "ट्रॅक ०१", "ट्रॅक ०२" असल्या फायली एकेक वाजवून, ओळखून नावं द्यायची. एक रविवार गेलाच समजा.