पायरी दिसली की थांबा

आज भिंगाखाली आलेली बहुतेक 'डबल डाय' नाणी (डाय म्हणजे नाण्यावर छाप मारणारा ठसा; तोच दुहेरी बनला की डबल डाय) निव्वळ मशीन डबलिंगची, म्हणजे छापताना डाय हलल्यानं दुहेरी दिसणारी निघाली. ओळखायला १० पट भिंग पुरतं. उजेड मात्र तिरपा हवा, आणि नाणं हळूहळू फिरवत बघायचं. खऱ्या डबल डायमध्ये डाय बनतानाच हबचा (डाय घडवणाऱ्या मूळ ठशाचा) दुसरा दाब किंचित सरकून बसलेला असतो. म्हणून दुसरी रेघही गोलसर, उठावदार. अक्षर जाड होतं, कोपऱ्यात खाच दिसते. मशीन डबलिंगमध्ये छाप उमटताना सैल डाय हलतो, अक्षराची कड दबून सपाट, चकचकीत पायरी होते आणि अक्षर उलट बारीक होतं. अमेरिकेच्या १९५५ च्या प्रसिद्ध डबल डाय सेंटवर तारीख नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसते. त्याच सालचा 'गरिबांचा डबल डाय' म्हणून जो खपवतात, तो झिजलेल्या डायचा. सावली फक्त शेवटच्या ५ ला. जादा पैसे मोजावेत असं त्यात काही नाही.