क्रूझ मुरगावला लागली की नौदलाची विमानं बघा

नाशिकहून मुंबई-गोवा क्रूझला जाणाऱ्यांचा गोव्यातला दिवस बहुतेक वेळा चर्च आणि बीचच्या धावपळीतच संपतो. त्यापेक्षा वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं हवाई संग्रहालय निवांत बघावं. मुरगाव बंदरापासून ते जवळ आहे, म्हणून थोड्या वेळातही नीट जमतं.

सोमवारी ते बंद असतं, तेव्हा जहाज मुरगावला कोणत्या वारी लागतंय ते बुकिंगच्या वेळीच बघा. वेळापत्रकात दिलेली वेळ जहाज धक्क्याला लागण्याची असते. त्यानंतर बंदराची परवानगी, मग गँगवेवरची (जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलावरची) रांग, यात तासभर सहज जातो. परतताना जहाज सुटण्याची नव्हे, सगळ्यांनी चढलेलं असण्याची वेळ धरा. उशीर झालेल्यांसाठी जहाज थांबत नाही. केबिनचं कार्ड आणि आधार दोन्ही जवळ हवीत. टॅक्सी जाऊन-येऊन, थांबण्याच्या वेळेसकट ठरवा. परतीला ॲपवर गाडी मिळेलच या भरवशावर राहू नका.

आवारात विमानं उघड्यावर आहेत, म्हणून ऊन चढायच्या आत ती बघून घ्या आणि आतली दालनं नंतर. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यामुळे आपल्याला सुखोई ओळखीचं, पण त्याला लांबलचक धावपट्टी मिळते. इथल्या सी हॉक या लढाऊ विमानाला जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून वाफेच्या कॅटापल्टनं (गलोलीसारख्या यंत्रानं) भिरकावत आणि उतरताना त्याच्या शेपटीखालचा हुक डेकवरच्या आडव्या पोलादी दोरात अडकवून थांबवत. तो हुक वाकून बघाच. मग चाकांचे दांडे बघा: डेकवर विमान अलगद टेकवता येत नाही, ते आदळतंच, म्हणून ते इतके दणकट. पंख दुमडायचे सांधेही दिसतात, कारण जहाजावर जागाच नसते. 1971 च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करणारी विमानं याच जातीची होती.

सी हॅरियर या दुसऱ्या लढाऊ विमानाची गोष्ट वेगळी. बाजूच्या चार नळकांड्यांपैकी पुढच्या दोनांतून थंड हवा, मागच्या दोनांतून गरम वायू. ही नळकांडी खाली वळवली की विमान सरळ खाली उतरतं. त्याला हुक लागत नाही. 2016 मध्ये ते निवृत्त झालं.

नौदलाचं पहिलं विमान सीलँड, 1953 चं, तेही इथेच आहे. त्याचं पोट होडीसारखं आहे, कारण ते पाण्यावरही उतरायचं. मुलं बरोबर असतील तर सुरुवात त्याच्यापासून करा.