तुम्ही विचारलंत म्हणून: पर्यावरणशास्त्रात नेमके काय शिकायचे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या यावल तालुक्यातले कोणी ना कोणी पालक मला विचारतात, "पर्यावरणशास्त्र घेतले तर मूल नेमके काय शिकेल? ते सायन्स आहे की आर्ट्‌स?" मी याच विषयाची पदवी घेतली असल्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणे साहजिक आहे, उत्तर मात्र दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून ते एका विहिरीवरून सांगतो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आम्हाला सातपुड्याच्या पायथ्याकडच्या केळीच्या पट्ट्यात विहिरींची पाणीपातळी मोजायची होती. पद्धत साधी आहे: पोलादी टेपच्या टोकाकडच्या भागाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची आणि वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते वाचायचे. एका विहिरीतले पाणी शेजारच्या विहिरीपेक्षा बरेच खाली निघाले. मी लगेच वहीत भूगर्भाचे कारण लिहून टाकले, आणि ते पटण्यासारखेही होते, कारण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जमिनीखाली काळा पाषाण असला तरी तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत आणि त्यांत वाळू व चिकणमाती आलटून पालटून लागते. तेवढ्यात केळीची पाने सारत शेताचे मालक आले, वहीत डोकावले आणि हसून म्हणाले, "भाऊ, रात्री दोनला लाइट आली, तेव्हापासून मोटर चालू होती. ऑटो लावलेले आहे ना, वीज आली की मोटर आपोआप सुरू होते." माझ्या आकड्यात भूगर्भापेक्षा विजेचे वेळापत्रकच जास्त होते. सरांनी ती नोंद खोडू दिली नाही. शेजारी 'मोटर चालू' असे लिहायला लावले.

विषय मला तिथे समजला. पाणी खाली का गेले यासाठी भूशास्त्र लागते, केळीला वर्षभर पाणी का लागते यासाठी कृषिशास्त्र. ठिबकमुळे झाडामागचे पाणी वाचले, पण वाचलेल्या पाण्यावर लागवडच वाढली, तर उपसा घटत नाही, हे अर्थशास्त्राशिवाय कळत नाही. शिवाय १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी ही समजूत पक्की झालेली असताना २००९ चा महाराष्ट्राचा भूजल कायदा त्याच पाण्याचे नियमन करू पाहतो, तेव्हा कायदाही वाचावा लागतो. कोणत्या जाणकाराला कोणता प्रश्न विचारायचा हे ज्याला कळते असा माणूस घडवणे हे या पदवीचे काम आहे, निदान असायला हवे.

अशी अनेक शास्त्रे एकत्र घेऊन पाहणे हे बाहेरून आलेले नवे खूळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी धुळे जिल्ह्यातली पांझराकाठची फड पद्धत समजून घ्यावी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, आणि एका फडात सहसा एकच पीक, अशी ही काही शतके जुनी व्यवस्था आहे. पाणी द्यायला पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या आणि पाळीचे नियम शेतकऱ्यांचे स्वतःचे. पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला जाई, पण बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे तोटाही वाटला जाई. आता हे अभियांत्रिकीत घालायचे की समाजशास्त्रात?

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशानंतर पुढे पदवीच्या सगळ्या शाखांना सक्तीचा झालेला पर्यावरणाचा पेपर म्हणजे मात्र हा विषय नव्हे. त्या पेपरचा प्रकल्प बहुधा मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवला जातो.

विषयाची एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. सगळ्यातले थोडे थोडे शिकताना कशातच पक्के न होण्याची भीती असते. माझे रसायनशास्त्र कच्चे राहिले होते आणि पहिल्या नोकरीत सांडपाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाणी किती दूषित आहे याचे एक माप) काढताना ते पहिल्याच आठवड्यात उघडे पडले. म्हणून मुलाने एक विषय, मग तो रसायन असो, भूशास्त्र असो की अर्थशास्त्र, घट्ट धरावा आणि बाकीचे त्याच्या आधाराने शिकावेत. नोकऱ्या प्रयोगशाळांत, प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल करणाऱ्या सल्लागारांकडे आणि पाणलोटाच्या कामांत मिळतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो.

प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजात दोन गोष्टी विचाराव्यात: वर्षातले किती दिवस मुले शिवारात असतात, आणि त्यांचे अहवाल तपासायला एकाच विभागाचे शिक्षक बसतात की अनेक विभागांचे.