एका पावतीचे २८ बाइट

लातूरच्या मोंढ्याजवळचा भुईकाटा, म्हणजे गाड्या तोलायचा काटा. तुरीचा हंगाम, सकाळी आठलाच गाड्यांची रांग. आदल्या रात्री मी तिथला प्रोग्राम जुन्या विंडोज कॉम्प्युटरवरून नव्या, ६४ बिटच्या लिनक्सवर आणला होता. काट्याकडून वजन वाचणारा भाग नव्याने लिहावा लागला. बाकीचा सी भाषेतला प्रोग्राम होता तसाच कंपाइल केला, म्हणजे नव्या मशीनला चालेल अशा रूपात आणला. पावत्यांची जुनी फाइलही तशीच उचलून आणली.

काल भरलेला असताना तोललेला ट्रॅक्टर माल उतरवून परत आला. आता रिकामं वजन घ्यायचं आणि पावती पुरी करायची. मुनीमजींनी नंबर टाकला, गाडी सापडेना. एकूण पावत्या पाहिल्या, तर २४७९.

"सर, काल ४२५० झाल्या होत्या. हे मशीन काय म्हणायलंय?"

ट्रॅक्टरवाला खिडकीशी आला. "मालक, आमचं वजन गेलं का?" पहिल्या तोलाचा कागद तिथे देत नाहीत, म्हणजे त्याच्या तुरीचा आकडा फक्त त्या फाइलीत होता. माझ्या पोटात गोळा आला.

आधी काटा थांबवला आणि फाइलीची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. चुकीच्या मापाची एक जरी पावती त्या फाइलीत लिहिली गेली असती, तर गुंता वाढला असता. मग पहिली पावती उघडली. क्रमांक दिसला ७९२८५०९६२८४१६१.

एवढा मोठा आकडा उगाच येत नाही. ३२ बिट म्हणजे ४ बाइट, म्हणून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९४९६७२९६ ने भागून पाहिलं. भागाकार १८४६०, बाकी १. मुनीमजींनी जुनं बाड काढलं: पावती क्रमांक १, भरलेलं वजन १८४६० किलो. दोन आकडे एकमेकांना चिकटून एक झाले होते!

पावतीत क्रमांक, दोन वजनं आणि वेळ असे चार 'लाँग' (सी भाषेत पूर्ण संख्या ठेवायचा प्रकार), शिवाय गाडी नंबरासाठी १२ अक्षरं. विंडोजवर लाँग ४ बाइटचा, म्हणून पावती २८ बाइटची. ६४ बिटच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटचा, म्हणून जुने दोन आकडे एकत्र वाचले गेले. पावती ४४ ची होते आणि कंपायलर, म्हणजे कंपाइल करणारा प्रोग्राम, शेवटी ४ बाइट रिकामे सोडून ती ४८ ची करतो. फाइल होती १,१९,००० बाइटची. ४८ ने भागलं की २४७९ आणि वर उरलेला तुकडा. २८ ने भागलं की बरोबर ४२५०. फाइलीला धक्का लागलेला नव्हता. हे कळल्यावर आधी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, "दादा, वजन शाबूत आहे. थोडं थांबा."

विंडोज ६४ बिटचं झालं तरी तिथे लाँग ४ च बाइटचा राहिला. त्यामुळे आजवर कॉम्प्युटर बदलले तरी ही चूक दडून राहिली होती. ३२ बिटसाठी कंपाइल करून त्या दिवसापुरतं भागलं असतं, पण मला ते पटलं नाही. वर्षानुवर्षं जपायच्या फाइलीचं माप कंपायलरच्या मर्जीवर ठेवूच नये. प्रत्येक लाँगच्या जागी नेहमी ४ च बाइटचा राहणारा 'इंट३२_टी' घातला, छपाईच्या ओळींवर आलेल्या कंपायलरच्या वॉर्निंग एकेक करून मिटवल्या, आणि पावती २८ बाइटची नसेल तर प्रोग्राम कंपाइलच होऊ नये अशी अट टाकली.

तासाभराने काटा सुरू झाला. मुनीमजींनी बाडातल्या वीस पावत्या पडद्याशी ताडून पाहिल्या, सगळ्या जुळल्या. मग ट्रॅक्टर काट्यावर चढला. कालचं भरलेलं वजन पडद्यावर आलं, खाली आजचं रिकामं, आणि प्रिंटरने कागद सोडला. ट्रॅक्टरवाल्याने तो दोनदा वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि आडतीकडे निघाला.