बांधात मुद्दाम ठेवलेल्या फटी

यामानाशी म्हणजे जुना काई प्रांत. 1871 साली जपानमधले प्रांत जाऊन प्रीफेक्चर, म्हणजे आजचे प्रशासकीय विभाग, आले, पण काईची हद्द जवळपास तशीच राहिली, कारण ती डोंगरांनीच आखलेली. दक्षिणेला 3,776 मीटरचा फुजी, पश्चिमेला 3,193 मीटरचा किता-दाके. समुद्र कुठेच नाही. मीठसुद्धा फुजी नदीतून होड्यांनी वर यायचं.

फुजीचे फोटो काढून लोक परततात आणि काईचं खरं कर्तृत्व बघायचं राहतं, याचं फार वाईट वाटतं. ते आहे र्‍यूओला, कामानाशी नदीच्या काठी: सोळाव्या शतकात काईवर सत्ता असलेल्या ताकेदा शिंगेन या सरदाराचा बांध.

शिंगेन 1541 साली सत्तेवर आला, पुढच्याच वर्षी मोठा पूर आला. अडचण होती मिदाई नदीची. ती पश्चिमेच्या उतारावरून दगडगोटे घेऊन यायची, कामानाशीला आडवी धडकायची आणि पाणी पूर्वेला कोफू शहराच्या खोऱ्यात घुसायचं. उपाय नुसती भिंत उंच करण्याचा नव्हता. आधी दगडी धक्के घालून मिदाईला उत्तरेकडे वळवलं. मग पात्रात टोकदार दगडी बांधकाम करून धार दोन भागांत फोडली. मुख्य धार पठारातून खोदलेल्या चरातून ताकाइवा कड्यावर नेऊन आदळवली. पहिला मार खडकाने खायचा. मातीचा बांध त्याच्या खाली सुरू होतो.

आणि हा बांध सलग नाही. त्याचे तुकडे एकमेकांच्या मागे तिरके सरकवलेले, मधल्या फटी उताराच्या दिशेने उघड्या. पूर चढला की पाणी फटीतून उलटं, संथपणे मागच्या जमिनीत शिरतं. नदी उतरली की त्याच वाटेने परत जातं. वर कुठे बांध फुटला तरी बाहेर पडलेलं पाणी खालच्या फटीतून पात्रात येतं. सलग बांध फुटला तर पाणी आत कोंडतं आणि धार एकाच जागी घुसते.

पात्रात ओंडक्यांचे त्रिकोणी सांगाडेही ठेवतात आणि दगड भरलेल्या जाळ्यांनी ते दाबून धरतात. त्यांच्याने प्रवाह मंदावतो, मागे गाळ साचतो, काठ वाचतो. लाकूड कुजतं, म्हणून ते पुन्हापुन्हा बांधावे लागतात. देखभालीचा विचार शिंगेननेही केला होता: 1560 च्या त्याच्या आज्ञापत्रात र्‍यूओच्या बांधापाशी घर बांधून राहणाऱ्यांना घरपट्टी माफ आहे. माणूस बांधावर राहील तर बांधाकडे लक्ष देईल. सगळंच काम शिंगेनच्या हयातीतलं आहे का, यावर अभ्यासकांत वाद आहे. रचनेचं शहाणपण त्या वादाने कमी होत नाही.

हे पाहून ‘आपल्याकडे असली अक्कल नाही’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढून नदीला वाट देणं हीच समज आहे. पंचगंगेच्या पूररेषेत घरं बांधली ती हे विसरून, आणि विसरणं जपानलाही चुकलेलं नाही: अनेक नद्यांवरच्या अशा फटी आधुनिक काळात बुजवून मागे वस्ती उभी राहिली.

इथे यायचं तर चुओ रेल्वेमार्गावर कोफूच्या पुढचं स्टेशन र्‍यूओ. आधी ताकाइवा कडा बघा, मग प्रवाहाच्या दिशेने बांधावरून चालत खाली या, म्हणजे रचनेचा क्रम कळेल. 15 एप्रिलला आलात तर ओमियुकी उत्सवाची पालखी बांधावर येते, आणि त्या पावलांनी माती घट्ट बसते अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे.