एट बॉल आणि सी-23

गेले तीन आठवडे तळघरातलं आमचं ‘एट बॉल’ नावाचं पिनबॉल मशीन ऐन रंगात आलं की दगा द्यायचं. दोन्ही फ्लिपर (चेंडू परत वर ढकलणारे दांडे) एकदम मारले की खेळ तिथेच संपायचा, गुण पुसले जायचे आणि आत मुख्य बोर्डावरचा दिवा पुन्हा सात वेळा लुकलुकायचा. 1977 चं हे बॅली कंपनीचं मशीन शिकागोतच बनलेलं, मीही इथेच राहतो, म्हणून ते भंगारात जाऊ द्यायचं नाही हे घेतानाच ठरवलं होतं.

एका दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगितलं, “मुख्य बोर्ड बदला.” मला ते पटेना. सातही लुकलुकी पूर्ण होतात, म्हणजे बोर्डानं आपल्या सगळ्या तपासण्या पार केल्या. मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू का होतो? त्याचं जेवण, म्हणजे वीज, मध्येच तुटतंय, दुसरं काय!

सोलेनॉइड ड्रायव्हर बोर्डावरच, म्हणजे मशीनमधली विद्युतचुंबकं चालवणाऱ्या बोर्डावर, 5 व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बसवलेला असतो. तिथे मीटर लावला, तर 4.98. एकदम ठणठणीत. पहिल्या दिवशी इथेच फसलो. दुसऱ्या दिवशी मीटर एसीवर फिरवला आणि रेग्युलेटरच्या अलीकडे, जिथे साधारण 12 व्होल्ट डीसी असतात, तिथे टोक टेकवलं. दोन व्होल्टांच्या वर एसी, म्हणजे डीसीत तेवढा चढउतार! सी-23 नावाचा मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), 11,700 मायक्रोफॅरडचा, आतून सुकला होता. इथली वीज 60 हर्ट्झची, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून सेकंदाला 120 उसळ्या येतात आणि मधल्या खळग्या यानंच भरायच्या. त्यात फ्लिपरनं ट्रान्सफॉर्मरवर ताण टाकला की खळगी आणखी खोल व्हायची आणि रेग्युलेटरला पाच व्होल्ट धरून ठेवता यायचे नाहीत.

बोर्ड काढण्याआधी मशीन बंद करून बराच वेळ थांबलो. याच बोर्डावर डिस्प्लेसाठी 190 व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. मीटरवर शून्य बघितल्याशिवाय मी हात घालत नाही, तुम्हीही घालू नका.

नवा 15,000 मायक्रोफॅरडचा, 25 व्होल्टचा कपॅसिटर लावला. एसी 0.4 वर आला. लेक फ्लिपरपाशी उभी होती. “बाबा, मारू?” मार म्हटलं. पुन्हा रिसेट!

खरं सांगतो, तेव्हा जीव कळवळला. बोर्ड परत बाहेर काढला, भिंग घेतलं. कनेक्टरच्या अर्थच्या (ग्राउंडच्या) पिनेभोवती, सोल्डरमध्ये, केसाएवढं काळं वर्तुळ दिसलं. पीन नखानं ढकलली तर ती सोल्डरच्या आत हलत होती. जुनं सोल्डर पूर्ण शोषून काढलं, त्या रांगेतल्या सगळ्या पिनांना नवं दिलं आणि सी-23 च्या ऋण टोकापासून अर्थपर्यंत एक जाड वायर वेगळी ओढली.

काल रात्री लेकीनं सलग अकरा डाव खेळले. दिवा सात वेळा लुकलुकला तो फक्त सुरुवातीला.