वोस, तू आणि सहा मात्रा

टेबलावर सहा मात्रा एकसारख्या मोजा. उजव्या हाताची थाप १ आणि ४ वर, डाव्याची १, ३ आणि ५ वर. तेवढ्याच वेळात उजवा दोन घाव घालतो, डावा तीन. दोघांची गाठ फक्त समेवर. घाई केली की एक हात दुसऱ्याला गिळतो. उजवा जिंकला तर उरतो नुसता दादरा, डावा जिंकला तर वॉल्ट्झ.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या ‘सोन निका’ या लोकसंगीताचा जीव या ओढाताणीत आहे. १९७५ साली कार्लोस मेहिया गोदॉय यांनी ‘मिसा काम्पेसिना’ म्हणजे शेतकऱ्यांची मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना, इथे तिची गाणी) रचली, ती अशाच गावठी तालांवर. तिच्यामागे होती सोलेंतिनामे बेटांवरची एर्नेस्तो कार्देनाल या कवी-पाद्र्याची वस्ती. तिथे शेतकरी आणि कोळी शुभवर्तमान वाचून आपसात बोलत, तेच प्रवचन.

साथीला मारिंबा दे आर्को, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर काठीने वाजवायचं वाद्य. वादक बसून वाजवतो, लाकडी कमान वाद्याला अंगापासून दूर धरते. पट्ट्या फक्त शुद्ध सप्तकाच्या. सूर खाली वाटला तर गिटारवाला कापो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावून मोकळा होतो. मारिंबाला ती सोय नाही, सगळ्या मंडळीने तिच्याच पट्टीत गायचं.

एवढ्यावर कोणी चिडलं नसतं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच लोकांच्या संगीताला उपासनेत जागा दिली होती. १९६४ ची अर्जेंटिनाची ‘मिसा क्रिओया’ चाकारेरासारख्या लोकतालांवर बेतलेली, पण शब्द चर्चने मान्य केलेले, ती गाजली. निकाराग्वात शब्दच बदलले. तिथला देव रस्त्यावर घाम गाळतो, पेट्रोलपंपावर ट्रकचे टायर तपासतो. मानाग्वाच्या आर्चबिशपांनी ही मिस्सा चर्चमध्ये गायला मनाई केली.

आणि त्या देवाला हाक कशी? स्पॅनिशमध्येही ‘तू’ आहे, अर्थ आपलाच. पण निकाराग्वाच्या घरात, बाजारात ‘तू’ कोणी म्हणत नाही. तो पुस्तकातला, प्रार्थनेतला. बोलायचा शब्द ‘वोस’, आणि या मिस्सेत देवालाही तोच. विठोबाला अरेतुरे करणाऱ्या मराठी कानाला यातलं धाडस चटकन कळणार नाही. आपल्याकडे देवाचा आणि घरातला ‘तू’ एकच.

दुसऱ्या देशातलं एखादं गायकवृंद हा ‘वोस’ सुधारून ‘तू’ करायला गेलं, की पंचाईत तालाची होते. ‘तू आहेस’ म्हणायला ‘वोस सोस’ दोन अक्षरं, ‘तू एरेस’ तीन. तिसरं बसवायला गायक आधीचा स्वर तोडतो, नाहीतर मात्रा लांबवतो, आणि तोवर डावा हात पुढे निघून गेलेला असतो.